ठरावीक तापमानाला वागणूक बदलणारा पॉलिमर: कामापासून सुरुवात करून तो कसा घडवायचा

पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड, म्हणजे प्रयोगशाळेतला रोजचा पी-निपाम, पाण्यात ३२ °से.च्या आसपास गढूळ होतो. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ साली हे वर्तन नोंदवलं आणि तेव्हापासून ३२ हा आकडा इतक्या ठिकाणी छापला गेला की नवीन माणूस तो एखाद्या वितळणबिंदूसारखा पक्का धरून चालतो. इथेच पहिली गडबड होते. हा आकडा एकट्या पॉलिमरचा नाही. पाणी, त्यातले क्षार, साखळीची टोकं, सोबतचा सहमोनोमर (साखळीत मिसळलेला दुसरा घटक रेणू) आणि द्रावणाची तीव्रता या सगळ्यांचा मिळून तो ठरतो. म्हणून आधी पॉलिमर बनवून मग त्याला काम शोधण्याऐवजी काम नक्की करून उलट दिशेने यावं.

आधी कागदावर: काम काय आहे?

चार गोष्टी लिहून काढा. कोणत्या तापमानाला बदल हवा? कोणत्या माध्यमात? किती वेळात? आणि तो बदल किती वेळा उलटसुलट व्हायला हवा?

पेशी चिकटवून नंतर अलगद सोडवायच्या असतील, तर पृष्ठभाग ३७ °से.ला कोरडा-पाणीटाळू आणि २० °से.ला पाण्याने फुगलेला हवा. तिथे ३२ चालतं, कारण दोन्ही बाजूंना भरपूर जागा आहे. औषध घेऊन रक्तात फिरणारा आणि गरम केलेल्या गाठीपाशीच आकसणारा कण हवा असेल, तर ३७ला पूर्ण विरघळलेला आणि ४० ते ४२ला आकसलेला, एवढ्या अरुंद पट्टीत खेळावं लागतं. तिथे दोन अंशांची चूक म्हणजे कण शिरेतच गोळा होणार. सुईतून द्रव म्हणून जाऊन शरीरात घट्ट होणाऱ्या जेलसाठी खोलीच्या तापमानाचीही खात्री हवी, कारण खोली कधीकधी ३० अंशांवर असते.

शरीर हीच युक्ती वापरतं. इलॅस्टिनचा पूर्वज-प्रथिन रेणू, ट्रोपोइलॅस्टिन, शरीराच्या तापमानाजवळ पाण्यातून वेगळा होऊन थेंबांत गोळा होतो आणि मग त्याचे तंतू गुंफले जातात. थंडीत विरघळलेला, उबेत गोळा झालेला, हा उलटा क्रम पी-निपाममध्येही तसाच आहे. साखळीतल्या अमाइड गटांना पाणी हायड्रोजन बंधांनी धरून असतं आणि आयसोप्रोपिल गटांभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रचलेले असतात. तापमान वाढलं की ही शिस्त महाग पडते, पाणी सुटं होतं, एन्ट्रॉपी वाढते आणि साखळी आकसून गोळा होते. ही प्रक्रिया उष्णता शोषून घेते, म्हणून सूक्ष्म कॅलरीमीटरमध्ये ती स्पष्ट शिखर म्हणून दिसते. तापमान आणि तीव्रता यांच्या आलेखावर विरघळलेली आणि वेगळी झालेली अवस्था यांमध्ये जी सीमा येते, तिच्या खालच्या टोकाला एलसीएसटी (खालचं क्रांतिक द्रावण-तापमान) म्हणतात. आपण प्रत्यक्षात मोजतो तो मात्र ठरावीक तीव्रतेचा क्लाउड पॉइंट, म्हणजे द्रावण गढूळ होतं ते तापमान. अहवालात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू नका.

कोणतं कूळ घ्यायचं

बहुतेक कामांना पी-निपाम पुरतो. त्याचा दोष असा की आकसलेल्या अवस्थेत साखळीतले अमाइड गट आपसांत हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे थंड करताना तो उशिरा विरघळतो. गरम आणि थंड करतानाच्या वक्रांतला हा फरक नको असेल, तर ज्यात एन-एच गटच नाही असं कूळ घ्या. पॉली-एन,एन-डायइथिलॲक्रिलामाइड जवळपास त्याच तापमानाला बदलतो आणि फरक खूप कमी दाखवतो. इथिलीन ग्लायकॉलच्या बाजूसाखळ्या असलेली मेथाक्रिलेट्स त्याहून सोयीची. दोन एकक लांबीची बाजूसाखळी असलेल्या मोनोमरचा पॉलिमर सुमारे २६ °से.ला बदलतो, आठ-नऊ एककांच्या बाजूसाखळीचा सुमारे ९० °से.ला. पहिल्यात दुसरा ५ मोल टक्के (रेणूसंख्येतला वाटा) मिसळला की साधारण ३२, ८ टक्क्यांना ३७ आणि १० टक्क्यांना ३९. मात्र मेथाक्रिलेट्सना राफ्ट-कारक (साखळ्यांची वाढ सारखी ठेवणारा नियंत्रक पदार्थ) वेगळा लागतो. खालच्या कृतीतला ट्रायथायोकार्बोनेट तिथे नीट नियंत्रण ठेवत नाही, डायथायोबेंझोएट घ्यावा लागतो.

पॉली-२-आयसोप्रोपिल-२-ऑक्साझोलिन कागदावर छान दिसतो, कारण तो सुमारे ३६ °से.ला बदलतो. पण उबेत बराच वेळ ठेवला तर त्याचे स्फटिक होतात आणि मग थंड करूनही तो विरघळत नाही. पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कामासाठी तो टाळा.

उबेत विरघळणारा आणि थंडीत वेगळा होणारा पॉलिमर हवा असेल, तर पॉली-एन-ॲक्रिलॉइल ग्लायसिनामाइडकडे जा. पण हायड्रोजन बंधांवर चालणारं ते वर्तन आयनी अशुद्धीने लगेच बिघडतं. मोनोमरमध्ये किंचित ॲक्रिलिक आम्ल किंवा पोटॅशियमचा क्षार उरला तरी वर्तन दिसेनासं होतं.

तापमान सरकवायचं कसं

पाण्याशी सलगी करणारा सहमोनोमर घातला की बदलाचं तापमान वर जातं, पाणी टाळणारा घातला की खाली येतं. वर नेण्यासाठी एन,एन-डायमिथिलॲक्रिलामाइड (डीएमए) उत्तम. तो विद्युतभाररहित आहे आणि ॲक्रिलामाइड कुळातलाच असल्याने साखळीत बऱ्यापैकी समान पसरतो. खाली आणण्यासाठी एन-टर्ट-ब्युटिलॲक्रिलामाइड.

ॲक्रिलिक आम्ल घालून तापमान सरकवण्याचा मोह होतो, कारण पुढे जोडणीसाठी कार्बॉक्सिल गट आयते मिळतात. पीएच ७.४ला हे गट भारित असतात, एकमेकांना ढकलतात, आणि १० मोल टक्क्यांपर्यंत गेलात की संक्रमण खूप वर जातं किंवा दिसतच नाही. त्याच पॉलिमरला पीएच ४ला तपासलं तर तो व्यवस्थित गढूळ होतो. पॉलिमर बिघडला असं समजण्याआधी बफर तपासा.

सहमोनोमर साखळीभर विखुरलेला हवा. तो एका टोकाला गटाने जमला, तर तापमान सरकत नाही, पॉलिमर फक्त साबणासारखा वागू लागतो: एक भाग आकसतो, दुसरा विरघळलेलाच राहतो आणि मिसेल (अनेक साखळ्यांचे सूक्ष्म गोळे) तयार होतात. दोन मोनोमरचे वेग फार वेगळे असतील आणि अभिक्रिया ९५ टक्क्यांच्या पुढे नेलीत, तर नकळत हेच होतं.

तीन बॅचेसची कृती

एकाच प्रमाणावर भरवसा ठेवू नका. ०, १० आणि २० मोल टक्के डीएमए अशा तीन बॅचेस करा आणि स्वतःची आलेखरेषा काढा. प्रत्येक बॅचमध्ये एकूण मोनोमर ४० मिलिमोल.

निपाम (पी-निपामचा मोनोमर): अनुक्रमे ४.५३, ४.०७ आणि ३.६२ ग्रॅम. डीएमए: ०, ०.३९७ आणि ०.७९३ ग्रॅम. राफ्ट-कारक म्हणून डोडेसिल ट्रायथायोकार्बोनेट, म्हणजे मिथिलप्रोपिऑनिक आम्लाचं टोक असलेला पिवळा घन पदार्थ (मोलर वस्तुमान ३६४.६): ७२.९ मि.ग्रॅ., म्हणजे ०.२ मिलिमोल. एआयबीएन (अभिक्रिया सुरू करणारा पदार्थ): ६.६ मि.ग्रॅ., म्हणजे ०.०४ मिलिमोल. डायऑक्सेन: २० मि.ली. मोनोमर, राफ्ट-कारक आणि एआयबीएन यांचं गुणोत्तर २००:१:०.२ येतं.

साडेसहा मिलिग्रॅम एआयबीएन तीनदा वेगळा तोलाल, तर तीन बॅचेस तीन वेगांनी चालतील. त्यापेक्षा ६६ मि.ग्रॅ. एआयबीएन १० मि.ली. डायऑक्सेनमध्ये विरघळवा आणि प्रत्येकात १ मि.ली. घाला. तेवढा डायऑक्सेन २० मि.ली.मधून वजा करा.

निपाम हेक्झेनमधून पुन्हा स्फटिकीकृत करून घ्या. तो साधारण ६० °से.ला वितळतो, त्यामुळे हेक्झेन उकळत ठेवलात तर स्फटिकांऐवजी तेलाचा थर बसतो. मंद उबेत विरघळवा आणि हळूहळू थंड होऊ द्या. डीएमएमधला रोधक बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून गाळून काढा. एआयबीएन मेथनॉलमधून स्फटिकीकृत करून फ्रिजमध्ये ठेवा. निपाम त्वचेतून आत जाऊ शकतो आणि ॲक्रिलामाइडचा नातलग आहे, म्हणून पावडर धूरकपाटातच आणि हातमोजे घालूनच तोला. डायऑक्सेन आणि इथर दोन्हींत साठवणुकीत पेरॉक्साइड होतात, वापरण्यापूर्वी पट्टीने तपासा.

सगळं श्लेंक फ्लास्कमध्ये घालून ऑक्सिजन काढा: गोठवणं, निर्वात करणं, वितळवणं, असं किमान तीन वेळा. फक्त नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे असतील तर बर्फात ठेवून ३० ते ४० मिनिटं द्या. ऑक्सिजन उरला तर सुरुवातीला तासभर काहीच घडत नाही. घाईत जास्त एआयबीएन घालून हे भरून काढू नका, मृत साखळ्या वाढतात आणि साखळ्यांच्या लांबीचं वितरण रुंद होतं.

फ्लास्क ७० °से.च्या तेलपात्रात ठेवा आणि दर तासाला ०.१ मि.ली. नमुना काढून एनएमआर (चुंबकीय अनुनादाचा वर्णपट) घ्या. ५.५ ते ६.३ पीपीएममधल्या व्हायनिल प्रोटॉनांवरून किती मोनोमर उरला ते कळतं. रूपांतरण ८० टक्क्यांच्या आसपास आलं की फ्लास्क बर्फात बुडवून हवेला उघडा करा. शुद्ध निपामच्या बॅचला तेव्हा अपेक्षित मोलर वस्तुमान असं: २०० गुणिले ११३.२ गुणिले ०.८, अधिक ३६४.६, म्हणजे सुमारे १८,५००. जेल पारगमन क्रोमॅटोग्राफीने आलेला आकडा याच्याशी तंतोतंत जुळणार नाही, कारण कॅलिब्रेशन बहुधा पॉलिस्टायरिनचं असतं. वितरणनिर्देशांक (साखळ्यांच्या लांबीतला फरक दाखवणारा आकडा) १.२च्या खाली आहे का, एवढं तिथे पाहा.

शुद्धीकरण, आणि टोकांचा त्रास

द्रावण थेंबाथेंबाने दसपट थंड डायइथिल इथरमध्ये सोडा. फिकट पिवळा साका गाळा, थोड्या डायऑक्सेनमध्ये विरघळवून पुन्हा एकदा तसंच करा. त्यानंतर ३.५ किलोडाल्टनच्या डायलिसिस नळीत, ४ °से.च्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा आणि फ्रीझ-ड्राय करा. डायलिसिस उबदार खोलीत केलात तर पॉलिमर नळीतच गोळा होतो आणि आत अडकलेला द्रावक बाहेर येत नाही.

उरलेला द्रावक ही क्षुल्लक बाब नाही. पी-निपाम शुद्ध पाण्यातही विरघळतो आणि शुद्ध मेथनॉलमध्येही, पण दोघांच्या मिश्रणात खोलीच्या तापमानालाच गोळा होऊ शकतो. म्हणजे चांगला द्रावक थोडासा उरल्याने तापमान वर जाईल, अशी अपेक्षा इथे फसते.

आता संरचना. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये एनएमआर घ्या. ४.० पीपीएमचा शिखर निपामचा एक प्रोटॉन, २.९ ते ३.१चे शिखर डीएमएचे सहा प्रोटॉन. दुसऱ्याचं क्षेत्रफळ सहाने भागा आणि दोन्हींच्या बेरजेतला त्याचा वाटा काढा. आलेखावर फ्लास्कमध्ये घातलेलं प्रमाण नाही, ही मोजलेली टक्केवारी मांडा.

बारा कार्बनांचं डोडेसिल टोक छोट्या साखळीवर फार बोलतं. मोलर वस्तुमान १०,०००च्या खाली गेलं की ही टोकं पाण्यात मिसेल करतात आणि क्लाउड पॉइंट खाली ओढतात. १८,०००लाही परिणाम शून्य नसतो, आणि पिवळा रंग तर राहतोच. जैविक कामासाठी टोक काढून टाका: १ ग्रॅम पॉलिमरला साखळीच्या वीसपट मोल, म्हणजे सुमारे १८० मि.ग्रॅ. एआयबीएन, डायऑक्सेनमध्ये, ऑक्सिजन काढून, ८० °से.ला तीन तास. पिवळा रंग गेला की टोक गेलं. अमाइन वापरूनही ते तोडता येतं. मग टोकाला थायॉल उरतो, तो मॅलेइमाइड असलेल्या प्रथिनाला जोडण्यासाठी कामाचा, पण हवेत दोन साखळ्या डायसल्फाइडने एकमेकींना चिकटतात आणि मोलर वस्तुमान दुप्पट दिसू लागतं. टीसीईपीसारखा क्षपणक सोबत ठेवा.

क्लाउड पॉइंट मोजणं

इथे सर्वाधिक चुका होतात, आणि त्या यंत्राच्या क्वचितच असतात. २ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. द्रावण ज्या माध्यमात पॉलिमर वापरायचा त्याच माध्यमात करा: फॉस्फेट बफर सलाइन, किंवा पेशींचं माध्यम. रात्रभर ४ °से.ला विरघळू द्या. फ्रीझ-ड्राय केलेला पॉलिमर वरवर विरघळल्यासारखा दिसतो, आत गाठी असतात. थंड असतानाच ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा.

१ सें.मी. क्युवेट, ६०० नॅनोमीटर, मंद ढवळणी, तापमान मिनिटाला ०.५ अंशाने वाढवायचं. तापमापकाची तार क्युवेटच्या आत, द्रावणात हवी. धारकाच्या आकड्यावर विसंबलात तर झपाट्याने गरम करताना एक-दोन अंशांची तफावत सहज पडते. पारगम्यता ५० टक्के होते तो बिंदू घ्या आणि तीव्रता, वेग, तरंगलांबी सोबत लिहा.

वक्राचा आकार वाचायला शिका. खाली जाऊन पुन्हा वर येणारी पारगम्यता म्हणजे साका तळाशी बसला, प्रकाश मोकळा झाला. गढूळपणा अनेक अंशांवर पसरला असेल तर संरचना किंवा साखळ्यांची लांबी विस्कळीत आहे. ३० अंशांच्या आधीच अचानक दिसणारे उभे काटे बहुधा हवेचे बुडबुडे असतात, द्रावण आधी निर्वात करा. तीव्रता फार कमी असेल तर साखळ्या आकसतात पण दिसण्याइतपत मोठे गोळे करत नाहीत. तिथे प्रकाश-विकिरण पद्धतीने आकार मोजावा.

साध्या पाण्यातून बफर सलाइनमध्ये गेलात की आकडा एक-दोन अंश खाली येतो. सल्फेट आणि फॉस्फेट पाणी खेचून घेतात आणि तो आणखी पाडतात. सोडियम डोडेसिल सल्फेटसारखा डिटर्जंट उलट खूप वर नेतो, म्हणून नीट न धुतलेल्या काचेच्या भांड्यावर लक्ष ठेवा. तिन्ही बॅचेसचे बफरमधले बिंदू मांडले की ० ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात जवळपास सरळ रेषा मिळते. हवं ते तापमान तिच्यावरून वाचून चौथी बॅच करा.

स्नायूसारखं आकसणारं जेल

सुट्या साखळ्या पुरेशा नसतील, हालचाल हवी असेल, तर जाळं बांधायचं. १० मि.ली.साठी: निपाम १ ग्रॅम, साखळ्या एकमेकींना जोडणारा मिथिलीन बिसॲक्रिलामाइड २७ मि.ग्रॅ. (२ मोल टक्के), आणि अभिक्रिया सुरू करणारी जोडी: अमोनियम परसल्फेट १० मि.ग्रॅ., टीईएमईडी २० मायक्रोलिटर. पहिले दोन पाण्यात विरघळवा, बर्फात ठेवून १५ मिनिटं नायट्रोजन सोडा, मग परसल्फेट आणि शेवटी टीईएमईडी घालून लगेच दोन काचांमधल्या १ मि.मी.च्या फटीत ओता. १० ते १५ °से.ला २४ तास ठेवा.

थंड ठेवण्याचं कारण नीट समजून घ्या. अभिक्रिया उष्णता सोडते आणि जाड साच्यात आतलं तापमान सहज १० ते १५ अंश चढतं. २२ अंशांना सुरू केलेलं जेल मधेच बदलाच्या तापमानापलीकडे जातं, साखळ्या तयार होताहोताच गोळा होतात आणि पारदर्शक जेलऐवजी पांढरा, ओबडधोबड ठोकळा हाती येतो. सच्छिद्र, चपळ जेल मुद्दाम हवं असेल तर हाच दोष उपयोगी आहे, फक्त तो दरवेळी सारखाच आला पाहिजे.

जेल चार-पाच दिवस पाणी बदलत धुवा, न जुळलेला मोनोमर पेशींना विषारी असतो. मग चकत्या कापून २० ते ४० °से.मध्ये दर दोन अंशांना, प्रत्येक तापमानाला २४ तास ठेवून, टिपकागदाने वरचं पाणी टिपून वजन घ्या.

आता वेळेचा हिशेब. तोयोइची तनाका यांनी दाखवलं की जेल फुगण्याचा वेळ आकाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाळ्याचा सामूहिक विसरण-गुणांक साधारण १०⁻⁷ चौ.सें.मी. प्रति सेकंद धरला, तर १ मि.मी. त्रिज्येच्या गोळ्याला सुमारे तीन तास लागतात, ०.१ मि.मी.ला शंभरेक सेकंद, आणि १ मायक्रोमीटरला सेकंदाचा शंभरावा भाग. खरे स्नायू बारीक तंतूंच्या जुड्या असतात, हे लक्षात घेतलं तर जाड जेल-स्नायू बनवण्याचा हट्ट आपोआप सुटतो. चपळाई हवी तर बारीक धागे, पातळ पापुद्रे किंवा सूक्ष्मजेल करा.

आकसताना आणखी एक अडचण येते. बाहेरचा थर आधी आकसून घट्ट साल होते, आतलं पाणी अडकतं आणि चकतीवर फुगे उठतात. जाळ्यावर एका टोकाने सुट्या असलेल्या पी-निपाम साखळ्या लावल्या तर त्या आधी गोळा होतात आणि पाण्याला वाट करून देतात. अशी फणीसारखी जेलं १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि ती साध्या जेलपेक्षा कितीतरी वेगाने आकसतात. ठिसूळपणा हा तुमचा प्रश्न असेल तर बिसॲक्रिलामाइडऐवजी चिकणमातीचे नॅनोपत्रे जोडणीसाठी वापरा, जेल ताणलं तरी तुटत नाही.

पेशी धरणारा आणि सोडणारा पृष्ठभाग

तेरुओ ओकानो यांच्या गटाने पॉलिस्टायरिनच्या डिशवर मोनोमरचं द्रावण पसरून इलेक्ट्रॉन किरणांनी पी-निपाम कलम केला. डिश ३७ °से.ला पेशी धरते आणि २० °से.ला आपणहून सोडते. ट्रिप्सिन (पेशी सुट्या करणारं विकर) लागत नाही, त्यामुळे पेशींमधले दुवे आणि पेशींनी खाली विणलेली जालिका शाबूत राहते आणि अखंड पापुद्रा हातात येतो. तोंडाच्या श्लेष्मल पेशींचा असाच पापुद्रा डोळ्याच्या पृष्ठभागावर बसवल्याचे निकाल २००४ साली प्रसिद्ध झाले.

यातली जाडी निर्णायक आहे. थर १५ ते २० नॅनोमीटर, म्हणजे साधारण २ मायक्रोग्रॅम प्रति चौ.सें.मी. असेल तर काम होतं. ३० नॅनोमीटरच्या पुढे पेशी ३७ अंशांनाही चिकटत नाहीत. पॉलिस्टायरिनच्या लगतच्या साखळ्या त्या पाणीटाळू पायाने बांधलेल्या असतात आणि जाड थराच्या वरच्या भागाला तो आधार मिळत नाही. म्हणून ‘थोडा जास्तच लावू’ हा विचार इथे नडतो.

वापरताना माध्यम ३७ अंशांना आधी गरम करा, सूक्ष्मदर्शकाखाली तापवलेली पाटी ठेवा. थंड ओट्यावर डिश काही मिनिटं राहिली तरी कडा उचकटू लागतात आणि वाढ अर्धवट असतानाच पापुद्रा सुटतो. काढायच्या वेळी २० अंशांचं माध्यम घालून अर्धा ते एक तास थांबा, पिपेटने जोर लावू नका.

प्रथिनाला झडप बसवायची असेल तर १९९५ साली पॅट्रिक स्टेटन आणि ॲलन हॉफमन यांच्या गटाने स्ट्रेप्टाविडिन या बायोटिन धरणाऱ्या प्रथिनावर केलेलं काम आदर्श आहे. बायोटिन बसतं त्या खाचेजवळ एकच सिस्टीन घालून त्यालाच साखळी जोडली. साखळी गोळा झाली की बायोटिनची वाट अडते. लायसिनांवर कुठेही साखळ्या जोडल्या तर प्रथिन जड होतं, झडप मात्र बसत नाही.

टिकवण आणि निर्जंतुकीकरण

कोरडा पॉलिमर ओल शोषतो, म्हणून सिलिका जेलसह बंद बाटलीत ठेवा आणि तोलण्याआधी निर्वातात वाळवा. द्रावण थंड असतानाच ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून निर्जंतुक करा. ऑटोक्लेव्हमध्ये ते गोळा होतं आणि नंतर ४ अंशांना तासन्‌तास ठेवून विरघळवावं लागतं, गाठी राहिल्या की क्लाउड पॉइंटही बदललेला दिसतो. शरीरात घालायचा असेल तर ही साखळी तुटत नाही हे ध्यानात घ्या. सुटी साखळी मूत्रपिंडातून बाहेर पडण्यासाठी मोलर वस्तुमान ४०,०००च्या बरंच खाली ठेवणं श्रेयस्कर. आणि १० ते २० वेळा गरम-थंड करून शेवटचा वक्र पहिल्यावर बसवून पाहा. हळूहळू सरकणारा वक्र बहुधा साखळीच्या टोकाचा थायॉल जुळत असल्याची खूण असतो.